लिंकन यांच्या हत्येनंतर

राष्ट्राच्या नेत्याचा खून झाला की त्या प्रसंगाची हकिगत फार लवकर सर्वतोमुखी होते. मारेकरी कोण होता, तो आत कसा शिरला, पहारेकरी कोठे होता, हे सारे लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहते. परंतु त्यानंतरच्या आठ-दहा महिन्यांत त्या देशाच्या कारभारात काय घडले, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. खुनाचा खरा परिणाम मात्र बहुधा याच विस्मृत महिन्यांत ठरत असतो. अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची १८६५ सालच्या एप्रिल महिन्यात हत्या झाली. तिच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

त्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपत आले होते. चार वर्षांच्या त्या लढाईत सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले होते. ९ एप्रिल रोजी दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. गुलामगिरी कायमची नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, जानेवारीतच संमत केली होती आणि ती राज्यांच्या मान्यतेची वाट पाहत होती. सुमारे चाळीस लाख माणसे आता कोणाच्या मालकीची राहणार नव्हती. परंतु मालक गेल्यावर या माणसांचे स्थान काय, हा प्रश्न मोकळाच होता. ज्या जमिनीत ती पिढ्यान्‌पिढ्या राबली त्या जमिनीत त्यांचा काही वाटा होता काय? न्यायालयात त्यांची साक्ष चालणार होती काय? त्यांना मत देता येणार होते काय? युद्धाने गुलामगिरीचा निकाल लावला, पण या तीन प्रश्नांना हातही घातला नव्हता. लिंकन यांच्या हत्येचा अर्थ समजून घ्यावयाचा तर हे अपुरे राहिलेले काम आधी ध्यानात घेतले पाहिजे.

११ एप्रिलच्या संध्याकाळी विजयाच्या आनंदात जमलेल्या लोकांसमोर लिंकन यांनी अध्यक्षीय निवासाच्या खिडकीतून भाषण केले. लोकांना जयजयकार हवा होता. लिंकन यांनी मात्र लिहून आणलेल्या कागदावरून लुइझियाना राज्याच्या नव्या घटनेची शांतपणे चर्चा केली. कृष्णवर्णीयांपैकी सुबुद्ध माणसांना आणि सैन्यात लढलेल्यांना मताधिकार मिळाला असता तर आपल्याला अधिक आवडले असते, असे त्यांनी बोलून दाखविले. मागणी अगदी बेताची होती. तरीही कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा असा जाहीर पुरस्कार त्यापूर्वी कोणत्याही अमेरिकन अध्यक्षाने केलेला नव्हता. श्रोत्यांत जॉन विल्क्स बूथ हा सव्वीस वर्षांचा नट उभा होता. प्रसिद्ध नटघराण्यातला हा तरुण दक्षिणेचा कडवा पक्षपाती होता. लिंकन यांना पळवून नेण्याचा एक बेत त्याने पूर्वीच आखला होता. हे भाषण ऐकल्यावर, याचे हे शेवटचेच भाषण ठरेल, असे तो सोबत्याला म्हणाल्याचे पुढे नमूद झाले.

त्यानंतर तीनच दिवसांनी, गुड फ्रायडेच्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात लिंकन एक विनोदी नाटक पाहत बसले असताना बूथने त्यांच्या मस्तकात गोळी झाडली. पहाऱ्यावरचा एकुलता एक पोलीस त्या वेळी आपल्या जागेवर नव्हता. दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी लिंकन यांचा अंत झाला. कटाचा आवाका याहून मोठा होता. त्याच रात्री परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांच्यावर घरात शिरून सुऱ्याने वार करण्यात आले, पण ते वाचले. उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना मारण्याचे काम ज्याच्याकडे होते त्याचे धैर्य ऐन वेळी गळाले. एकाच रात्री राज्यकर्ते नाहीसे करावेत, म्हणजे गोंधळ माजेल आणि हरलेली दक्षिण पुन्हा उठेल, असा हा हिशेब होता.

तो हिशेब साफ चुकला. जॉन्सन यांचा शपथविधी काही तासांतच झाला आणि कारभार एक दिवसही थांबला नाही. बूथ २६ एप्रिलला व्हर्जिनियातील एका कोठारात मारला गेला. नेमक्या त्याच दिवशी दक्षिणेच्या दुसऱ्या मोठ्या फौजेनेही शस्त्रे खाली ठेवली. कटातील चौघांना जुलैमध्ये फाशी देण्यात आले. लिंकन यांचा देह घेऊन निघालेली आगगाडी सोळाशेहून अधिक मैलांचा प्रवास करीत त्यांच्या स्प्रिंगफील्ड गावी पोहोचली. वाटेत गावोगावी लाखो माणसे रुळांच्या कडेला उभी राहिली. खून गुड फ्रायडेला झाला होता. त्यामुळे ईस्टरच्या रविवारी चर्चमधून झालेल्या प्रवचनांत त्यांची तुलना हुतात्म्यांशी झाली. जिवंतपणी ज्यांच्यावर मित्रांनी आणि शत्रूंनी सारखीच टीका केली, ते लिंकन आठ दिवसांत टीकेच्या पलीकडे गेले.

येथपर्यंतची हकिगत पाहिली तर मारेकऱ्याच्या पदरी काहीच पडले नाही असे वाटते. परंतु बूथला सर्वांत जास्त जी गोष्ट सलत होती ती ११ एप्रिलच्या भाषणातली, म्हणजे कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व. त्या बाबतीत काय झाले हे पाहिले की चित्र पालटते.

अँड्र्यू जॉन्सन हे टेनेसी राज्याचे. पोरवयात शिंप्याच्या हाताखाली काम केलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला हा मनुष्य स्वतःच्या जिद्दीने सीनेटपर्यंत पोहोचला होता. फुटून निघालेल्या राज्यांतील सीनेटरांपैकी संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले ते एकटेच. म्हणूनच १८६४ च्या निवडणुकीत लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाने विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातील या गृहस्थाला उपाध्यक्षपदासाठी उभे केले. युद्धाच्या काळात एकजुटीचा देखावा हवा होता, त्या दृष्टीने ही निवड चांगली होती. उद्या हाच मनुष्य अध्यक्ष झाला तर काय, हा विचार फारसा कोणी केला नाही. जॉन्सन यांना दक्षिणेतील बड्या मळेवाल्यांचा राग होता, पण कृष्णवर्णीयांविषयी आस्था नव्हती. त्यांनी स्वतः गुलाम बाळगले होते. राज्यकारभार हा गोऱ्यांनीच चालवावयाचा असतो, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

त्यातच आणखी एक योग जुळून आला. काँग्रेसचे अधिवेशन मार्चमध्ये संपले होते आणि पुढचे डिसेंबरमध्ये भरावयाचे होते. हत्येच्या दिवशी सकाळी झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत, काँग्रेस भरलेली नाही हे एका परीने बरेच आहे, असे लिंकन म्हणाल्याची आठवण नौदलमंत्री गिडियन वेल्स यांनी लिहून ठेविली आहे. वादविवादाविना दक्षिणेत लवकर व्यवस्था लागावी, हा त्यांचा हेतू. त्यांनी आपल्यासाठी मोकळे ठेवलेले हे आठ महिने दुसऱ्याच्या हाती गेले. जॉन्सन यांनी खास अधिवेशन बोलाविले नाही. २९ मे रोजी त्यांनी दक्षिणेतील बहुसंख्य बंडखोरांना माफी जाहीर केली. बड्या धनिकांनी स्वतंत्र अर्ज करावेत असे ठरले, आणि त्या उन्हाळ्यात व शरदात अशा अर्जांवर हजारो माफीपत्रे दिली गेली.

माफीबरोबर जमीनही परत मिळे. हा मुद्दा वरवर कारकुनी वाटतो, पण चाळीस लाख माणसांच्या भवितव्याची मेख येथेच होती. जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये एक लष्करी हुकूम काढून साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांच्या किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेविली होती. कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन मिळावयाची होती. जूनपर्यंत सुमारे ४ लाख एकरांवर सुमारे ४० हजार माणसे वसली. त्यांचा हक्क तात्पुरता होता, तरी त्यांनी नांगर धरला, पिके घेतली. आता मूळ मालक माफीपत्र दाखवून ती जमीन परत मागू लागले, आणि जॉन्सन यांनी ती परत करण्याचा हुकूम दिला.

हा हुकूम लोकांना सांगण्याचे काम जनरल हॉवर्ड यांच्यावर आले. मुक्त गुलामांच्या साहाय्यासाठी काँग्रेसने लिंकन यांच्या हयातीतच जे खाते स्थापन केले होते, त्याचे हे प्रमुख. ऑक्टोबर महिन्यात साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील एडिस्टो बेटावर एका चर्चमध्ये लोक जमले. जमीन सोडावी लागणार हे ऐकताच सभेत कल्लोळ उठला. नंतर बेटावरच्या लोकांनी आपल्या समितीमार्फत अर्ज लिहिले. सरकारविरुद्ध ज्यांनी शस्त्र धरले त्यांना क्षमा आणि जमीन, आणि जे सरकारशी इमानाने वागले त्यांच्या हाती काहीच नाही, हा कोणता न्याय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या अर्जांना वॉशिंग्टनकडून मनासारखे उत्तर मिळाले नाही.

जमीन गेली तशी कायद्याची ढालही मिळाली नाही. जॉन्सन यांच्या धोरणाने पुन्हा उभ्या राहिलेल्या दक्षिणेकडील विधिमंडळांनी त्या वर्षाच्या अखेरीस खास कृष्णवर्णीयांसाठी कायदे केले. मिसिसिपीत प्रत्येकाने वर्षाच्या आरंभी आपल्याला काम असल्याचा लेखी पुरावा दाखविला पाहिजे, असे ठरले. ज्याच्याजवळ पुरावा नसेल तो भटक्या ठरे. त्याला दंड होई, आणि दंड भरता आला नाही तर जो तो भरील त्याच्याकडे त्याला राबावे लागे. साउथ कॅरोलायनात शेतमजुरी आणि घरकाम यांखेरीज दुसरा धंदा करावयाचा तर कृष्णवर्णीयाला वेगळा कर भरून परवाना घ्यावा लागे. तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबरमध्ये अमलात आली तेव्हा गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु हे कायदे वाचणाऱ्याला जुना मालक नव्या वेषात दिसल्यावाचून राहत नसे.

लिंकन जगते तर हे टळले असते काय? या प्रश्नावर इतिहासकारांचा वाद आजही संपलेला नाही, आणि त्याचे सरळ उत्तर देणे धाडसाचे होईल. दक्षिणेला सौम्यपणे वागवावे असे लिंकन यांचेही मत होते. राज्यातील दहा टक्के मतदारांनी निष्ठेची शपथ घेतली की तेथे नवे सरकार उभारू द्यावे, अशी योजना त्यांनी १८६३ मध्ये मांडली होती. अधिक कडक अटी घालणारे काँग्रेसचे विधेयक त्यांनी १८६४ मध्ये सही न करता पडू दिले होते. तेव्हा लिंकन यांनी पहिल्या दिवसापासून समतेचे राज्य आणले असते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

मात्र लिंकन आणि जॉन्सन यांच्यातील भेद योजनेपेक्षा वृत्तीत होता. लिंकन यांचे मत अनुभवाने पुढे सरकत असे. १८६१ मध्ये गुलामगिरी जेथे आहे तेथे तिला हात लावण्याचा आपला विचार नाही, असे सांगणाऱ्या लिंकन यांनी १८६३ मध्ये मुक्तीचा जाहीरनामा काढला. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या सैन्यात लढले आणि त्या लढणाऱ्यांना मत असावे, इथपर्यंत लिंकन १८६५ मध्ये येऊन पोहोचले. जॉन्सन यांचे मत विरोध झाला की अधिक घट्ट होई. स्वतःच्या पक्षाशी झगडत, वेळ आली की तडजोड करीत आणि तरीही एकेक पाऊल पुढे टाकीत जाण्याचे जे कौशल्य होते, ते फोर्ड नाट्यगृहात नाहीसे झाले. जाहीरनामे आणि कायदे मागे राहिले. हे कौशल्य वारशाने देता येण्यासारखे नव्हते.

डिसेंबरमध्ये काँग्रेस भरली आणि संघर्षाला तोंड फुटले. दक्षिणेतून निवडून आलेल्या प्रतिनिधींना तिने सभागृहात बसू दिले नाही. १८६६ च्या एप्रिलमध्ये तिने जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून नागरी हक्कांचा कायदा केला. त्याच वर्षी मेंफिस आणि न्यू ऑर्लिन्स या शहरांत कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या. जॉन्सन यांच्या मार्गाने शांतता येत नाही, हे उत्तरेच्या मतदाराला त्यामुळे दिसून आले. साधा कायदा पुढचे काँग्रेस रद्द करू शकेल, या भीतीने समतेचे तत्त्व थेट राज्यघटनेत घालण्याचे ठरले. चौदाव्या घटनादुरुस्तीने १८६८ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. मध्यंतरी जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. सीनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मते पडली आणि दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडल्यामुळे ते पदावर टिकले.

येथे इतिहासाचा एक विलक्षण पेच दिसतो. जॉन्सन यांच्या हट्टामुळे काँग्रेस लिंकन यांनी मागितले त्यापेक्षाही पुढे गेली. लिंकन यांनी काही निवडक कृष्णवर्णीयांना मत मागितले होते, आणि पाच वर्षांत ते सर्व प्रौढ पुरुषांच्या वाट्याला आले. मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सीनेटर १८७० मध्ये निवडून आले. या पुनर्रचनेच्या काळात दक्षिणेत सुमारे दोन हजार कृष्णवर्णीयांनी लहानमोठी सार्वजनिक पदे भूषविली. म्हणजे घटनेच्या पुस्तकात हक्क अधिक भक्कम झाले. गावात आणि शेतात मात्र गमावलेले ते आठ महिने भरून आले नाहीत. पराभवाच्या धक्क्याने जी दक्षिण १८६५ च्या वसंतात जवळजवळ कोणत्याही अटी मान्य करण्याच्या मनःस्थितीत होती, तिला वर्षाअखेर विरोधाची हिंमत आली होती. जमीन मूळ मालकांकडे गेल्यामुळे मुक्त झालेला शेतकरी वाट्याने शेती करू लागला आणि बियाण्यासाठी दुकानदाराच्या कर्जात गुंतला. ज्याचे पोट दुसऱ्याच्या हाती, त्याचे मतही फार काळ स्वतःच्या हाती राहत नाही. १८७७ मध्ये उत्तरेने दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी असलेले सैन्य काढून घेतले. १८९० पासून एकामागून एक राज्यांनी परीक्षा आणि कर यांच्या आडून मताधिकार हिरावून घेतला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वर्णभेदाला मान्यता दिली.

याच काळात लिंकन यांच्या स्मृतीचेही रूप पालटले. १४ एप्रिल १८७६ रोजी, हत्येच्या अकराव्या स्मृतिदिनी, मुक्त गुलामांच्या वर्गणीतून उभारलेल्या पुतळ्याचे वॉशिंग्टनमध्ये अनावरण झाले. त्या वर्गणीचा आरंभ पूर्वी गुलाम असलेल्या एका बाईने दिलेल्या पाच डॉलरांनी झाला होता. स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस त्या दिवशी बोलले. लिंकन हे प्रथम गोऱ्यांचे अध्यक्ष होते, हे त्यांनी अध्यक्ष ग्रँट यांच्या समक्ष सांगितले. मुक्तीसाठी झगडणाऱ्यांना ते मंद वाटले, पण आपल्या देशबांधवांच्या मनोवृत्तीच्या मानाने ते वेगाने चालले, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. हुतात्म्याचे असे डोळस स्मरण पुढे दुर्मिळ झाले. उत्तर आणि दक्षिण यांना जोडणारे क्षमाशील लिंकन पुढे आले आणि मताधिकार मागणारे लिंकन मागे पडले. वॉशिंग्टनमधील संगमरवरी स्मारकाचे उद्घाटन १९२२ मध्ये झाले, तेव्हा कृष्णवर्णीय पाहुण्यांना वेगळ्या बाजूला बसविण्यात आले, आणि त्यांच्यातील वक्त्याचे भाषण आधी तपासून सौम्य करून घेण्यात आले. मारेकऱ्याला न साधलेली गोष्ट अशा रीतीने भक्तीनेच थोडीफार साधली. १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्याच स्मारकाच्या पायऱ्यांवर मार्टिन ल्यूथर किंग उभे राहिले आणि अपुऱ्या राहिलेल्या कामाचा हिशेब देशापुढे ठेवला गेला. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे खरे संरक्षण करणारा कायदा १९६५ मध्ये झाला. लिंकन यांच्या अखेरच्या भाषणाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. त्या कायद्याचे एक महत्त्वाचे कलम २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरुपयोगी ठरविले, यावरून तो वाद कसा जिवंत आहे हेही दिसते.

अध्यक्षांच्या संरक्षणाचा धडा अमेरिका याहूनही सावकाश शिकली. गारफील्ड यांचा १८८१ मध्ये आणि मॅकिन्ली यांचा १९०१ मध्ये खून झाल्यानंतरच अध्यक्षांभोवती कायमचे संरक्षण आले. उपाध्यक्षाची जागा रिकामी झाली तर ती भरण्याची तरतूद घटनेत आली ती १९६७ मध्ये, केनेडी यांच्या खुनानंतर.

या दूरच्या घटनांचे धागे भारतापर्यंतही आले आहेत. मुंबईला अमेरिकेचे युद्ध कळले ते कापसाच्या चढत्या भावाने आणि युद्ध संपल्याचे कळले ते १८६५ मधल्या दिवाळ्यांनी. पण पुण्यात जोतीराव फुले यांनी त्यातला दुसरा अर्थ टिपला. १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. भारतीय राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात कायद्याच्या समान संरक्षणाची जी हमी आहे, ती शब्दयोजना अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आलेली आहे. दक्षिणेतल्या त्या जुलमी कायद्यांना उत्तर म्हणून लिहिलेले ते शब्द भारताच्या कोणत्याही न्यायालयात आज सामान्य नागरिकाच्या उपयोगी पडतात.

लिंकन यांच्या हत्येने संघराज्य मोडले नाही आणि गुलामगिरी परत आली नाही, कारण या दोन गोष्टी तोवर एका माणसावर अवलंबून राहिल्या नव्हत्या. त्या सैन्याच्या विजयाने आणि काँग्रेसच्या ठरावाने पक्क्या झाल्या होत्या. जमीन आणि मत या दोन गोष्टी मात्र अजून एका माणसाच्या विचारात होत्या, कायद्यात उतरल्या नव्हत्या. गोळीचा आघात झाला तो त्यांच्यावर. एडिस्टो बेटावरच्या शेतकऱ्यांनी लिंकन यांना कधी पाहिलेही नसेल. परंतु त्या गुड फ्रायडेच्या रात्रीची किंमत ऑक्टोबरात त्यांनी आपल्या उभ्या पिकासह मोजली.